लुकलुकणाऱ्या दिव्याचं गणित

मंडळी, दिवाळीला घरावर चढवलेली दिव्यांची माळ ख्रिसमस उलटून गेला तरी उतरवायची नाही, एका मेहनतीत दोन सण उरकायचे, ही आपली खास परदेशस्थ काटकसर! जुन्या छोट्या बल्बांच्या अशा माळेच्या खोक्यात एक प्लॅस्टिकची पिशवी असायची. तिच्यात दोन-चार जादा बल्ब आणि त्यांत एखादा लाल टोकाचा. हा लाल टोकाचा बल्ब माळेत बसवला, की अख्खी माळ उघडझाप करू लागायची. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मुलांनी त्याला ‘मॅजिक बल्ब’ असं नाव दिलं असेल.

त्यात जादू काही नाही. त्या बल्बच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची एक चिकटवलेली पट्टी असते. वीज वाहिली की पट्टी तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती वाकते आणि वीज तुटते. सगळे बल्ब एकामागोमाग एक जोडलेले, त्यामुळे एक विझला की सगळे विझले. मग पट्टी गार होते, सरळ होते, पुन्हा वीज सुरू. गंमत एवढीच, की या उघडझापीचा ताल पट्टीच्या तापण्या-निवण्यावर ठरतो. तुमच्या हातात काही नाही.

आता आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत रोषणाई भिंतीवरून पडद्यावर आली आहे. गणेशोत्सवासाठी हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्यानं घ्यायचं, मखराच्या मागे प्रोजेक्टर किंवा एलईडी वॉल लावायची आणि तिच्यावर देवळाची कमान, दीपमाळ, तोरण, नाटकाचं नाव, सगळं हलतं-चमकतं दाखवायचं. हे काम बहुतेक ठिकाणी आपली हायस्कूल-कॉलेजातली मुलं करतात, आणि त्यांचं आवडतं सॉफ्टवेअर म्हणजे आफ्टर इफेक्ट्स. १९९३ साली ऱ्होड आयलंडमधल्या एका छोट्या कंपनीनं ते बाजारात आणलं, पुढे ते अ‍ॅडोबीकडे गेलं आणि २००१ मध्ये, पाचव्या आवृत्तीत, त्यात ‘एक्स्प्रेशन’ नावाची सोय आली. आज लिहायचं आहे ते या एक्स्प्रेशनबद्दल. कारण लाल टोकाच्या बल्बनं जो ताल आपल्या हाती दिला नाही, तो इथे एका ओळीत आपल्या हाती येतो. आणि ताल हाती आला, की त्याबरोबर थोडी जबाबदारीही येते. तिच्याबद्दल पुढे सांगतोच.

तीनशे साठ ठिपके, की एक ओळ?

समजा पडद्यावर एक पणती आहे आणि ती सेकंदाला एकदा उघडझाप करायला हवी आहे. सरळ मार्ग म्हणजे कीफ्रेम. इथे पणती दिसू दे, इथे नाहीशी होऊ दे, असे ठिपके टाइमलाइनवर हातानं ठेवत जायचे. तीन मिनिटांची आरती असेल, तर १८० उघडझापी, म्हणजे ३६० ठिपके. जपमाळ ओढत बसल्यासारखं काम! एवढं करून कुणी सांगितलं, की ‘जरा सावकाश लुकलुकू दे’, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. (ठिपक्यांची एक जोडी करून ती पुन्हा पुन्हा फिरवायचीही सोय आहे, पण ताल बदलायचा तर ठिपके सरकवणं आलंच.)

दुसरा मार्ग एक्स्प्रेशनचा. पणतीचा लेयर निवडून टी हे अक्षर दाबलं, की ‘ओपॅसिटी’ दिसते. ओपॅसिटी १०० म्हणजे पणती पूर्ण दिसते, ० म्हणजे दिसत नाही. तिच्या शेजारी स्टॉपवॉचचं छोटं चित्र असतं. विंडोजवर आल्ट आणि मॅकवर ऑप्शन ही कळ दाबून धरून त्या चित्रावर क्लिक करा. लिहायला एक चौकट उघडते. तिच्यात एवढंच लिहायचं:

टाइम % १ < ०.५ ? १०० : ०

(इथे सोयीसाठी सगळं देवनागरीत छापलं आहे. कॉम्प्युटरवर मात्र टाइम हा शब्द इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजीतले घालायचे. पुढच्या ओळींनाही हाच नियम.)

यातलं ‘टाइम’ म्हणजे सुरुवातीपासून किती सेकंद झाले तो आकडा. टक्क्याचं चिन्ह पाहून फसू नका, टक्केवारीशी त्याचा संबंध नाही. ते भागाकाराची बाकी सांगतं. रेल्वेच्या वेळापत्रकात १७ वाजता गाडी असली, की आपण मनातल्या मनात ‘म्हणजे संध्याकाळचे पाच’ म्हणतो ना? १७ ला १२ नं भागून बाकी ५. तसंच हे. टाइमला १ नं भागून जी बाकी उरते ती ० पासून वाढत वाढत १ च्या जवळ जाते आणि पुन्हा ० वर येते. ७.३ सेकंदाला बाकी ०.३, ४२.३ सेकंदालाही बाकी ०.३. म्हणजे दर सेकंदाला घड्याळ नव्यानं सुरू.

उरलेली ओळ मराठीत वाचायची तर अशी: बाकी अर्ध्या सेकंदापेक्षा कमी आहे का? असेल तर १००, नाहीतर ०. झालं! अर्धा सेकंद उजेड, अर्धा सेकंद अंधार, आरती तीन मिनिटांची असो नाहीतर तीस मिनिटांची.

आता या ओळीत हात घालून बघा. १ च्या जागी २ आणि ०.५ च्या जागी १ लिहा, उघडझाप दोन सेकंदांना एकदा होईल. १ तसाच ठेवून ०.५ चं ०.१ करा, क्षणभर चमकून बराच वेळ काळोख, एखाद्या दीपगृहासारखं. पहिला आकडा ताल सांगतो, दुसरा त्या तालात उजेड किती वेळ ते सांगतो. आपल्या तबल्याच्या भाषेत, आवर्तन किती मोठं आणि त्यात भरी किती, खाली किती!

समई आणि तोरण

भपकन पेटणं आणि भपकन विझणं हे दुकानाच्या पाटीला शोभतं. समईची ज्योत तशी वागत नाही. तिच्यासाठी शाळेतलं त्रिकोणमितीचं ‘साइन’ उपयोगी पडतं:

८५ + १५ * मॅथ.साइन(टाइम * २ * मॅथ.पाय)

साइन हे -१ आणि +१ यांच्यामध्ये झोका घेत राहतं. त्याला १५ नं गुणून ८५ मध्ये मिळवलं, की उजेड ७० ते १०० यांच्यामध्ये सावकाश चढतो-उतरतो. कुठेही झटका नाही. (टाइप करताना मॅथचा एम मोठा, साइनची तीन अक्षरं लहान आणि पायची दोन्ही मोठी, नाहीतर कॉम्प्युटर रुसतो.)

तोरणासाठी आणखी एक गंमत. पाच दिव्यांचे पाच वेगळे लेयर, एकाखाली एक, क्रमांक १ ते ५. प्रत्येकाला एकच ओळ चिकटवा:

(टाइम + इंडेक्स * ०.२) % १ < ०.२ ? १०० : ०

इंडेक्स म्हणजे त्या लेयरचा क्रमांक. प्रत्येक दिव्याचं घड्याळ शेजाऱ्यापेक्षा पाव सेकंदाहून थोडं कमी, म्हणजे ०.२ सेकंद, पुढे. त्यामुळे एका वेळी एकच दिवा लागतो आणि उजेड पाचव्याकडून पहिल्याकडे धावत जातो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दिवे बदलतात, पण पडद्यावरचा एकूण उजेड सारखाच राहतो. या गोष्टीचा पुढे उपयोग आहे.

बारीक नजरेच्या मुलांसाठी एक सूचना. व्हिडिओ म्हणजे शेवटी सुटी चित्रं, फ्रेम्स. सेकंदाला ३० फ्रेम्स असतील आणि सेकंदाला दोन उघडझापी हव्या असतील, तर एका उघडझापीला १५ फ्रेम्स. त्यांचे दोन सारखे भाग होत नाहीत. आठ आणि सात अशी वाटणी होते आणि ताल किंचित लंगडतो. शिवाय अमेरिकेतल्या टीव्हीचा वेग ३० नसून २९.९७ फ्रेम्सचा. त्यावर सेकंद मोजत बसलं, तर साधारण दर ३३ सेकंदांनी एका फ्रेमचा फरक पडतो. उपाय सोपा आहे. सेकंद मोजण्याऐवजी फ्रेम्स मोजायच्या:

टाइमटूफ्रेम्स(टाइम) % ३० < १५ ? १०० : ०

(हा सगळा एकच शब्द, फक्त मधली टी आणि एफ मोठी.) पंधरा फ्रेम्स उजेड, पंधरा फ्रेम्स अंधार, कायमचं. ताल असा बांधला की तबलजीनंही नाव ठेवू नये.

आता त्या जबाबदारीबद्दल

वर म्हटलं, ताल एका आकड्यावर ठरतो. मुलांच्या हातात असा आकडा आला, की ती काय करणार? वाढवणार! सेकंदाला एक बरं दिसतं, तर दहा किती भारी दिसेल! दर फ्रेमला उघडझाप केली, तर ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत ती सेकंदाला १५ वेळा होते. झगमगाट तर होतोच. पण काही माणसांच्या मेंदूला हाच वेग सोसत नाही.

१६ डिसेंबर १९९७ ची गोष्ट. जपानमध्ये पोकेमॉन या कार्टूनचा एक भाग टीव्हीवर लागला. त्यात स्फोटाच्या एका दृश्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आळीपाळीनं, पूर्ण पडदाभर चमकले. फक्त काही सेकंद. त्या संध्याकाळी ६८५ जणांना, आणि त्यांत बहुतेक मुलंच, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. कुणाला फीट आली, कुणाला गरगरलं, कुणाला उलट्या झाल्या. कार्यक्रम चार महिने बंद राहिला. तो भाग अमेरिकेत कधीच दाखवला गेला नाही. इंग्लंडमध्येही २००७ साली लंडन ऑलिंपिकच्या बोधचिन्हाची जाहिरात-फिल्म आली, तिच्यातल्या चमकत्या तुकड्यानं काहींना फीट आल्याच्या तक्रारी झाल्या आणि तो तुकडा काढून टाकावा लागला.

डॉक्टर याला फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी म्हणतात. अपस्मार असलेल्या शंभरांपैकी साधारण तीन जणांना हा त्रास असतो, आणि मुलं व वयात येणारी पोरं यांच्यात तो जास्त आढळतो. सेकंदाला ५ ते ३० उघडझापी हा सर्वांत धोक्याचा टापू. त्यात पडदा मोठा, खोली अंधारी आणि रंग भडक लाल असेल, तर धोका आणखी वाढतो. आता आपलं ऑडिटोरियम डोळ्यांसमोर आणा. अंधार, भला मोठा पडदा, आणि पुढच्या रांगांत कोण? मुलंच!

आमच्या मंडळात हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. एक कुटुंब दर गणेशोत्सवाला आरती आणि जेवण झालं, की कार्यक्रम सुरू व्हायच्या आत निघून जायचं. एका वर्षी तयारीच्या मीटिंगमध्ये, बेसमेंटमध्ये चहा चालला असताना, एका वहिनींनी सहज विचारलं, ‘अहो, तुम्ही नाटकाला कधीच थांबत नाही. आमची नाटकं एवढी वाईट असतात का?’ त्या माउली आधी हसल्या. मग म्हणाल्या, ‘नाटकाचं काही नाही हो. सुरुवातीला तुम्ही तो व्हिडिओ लावता ना, लकलकणारा? आमच्या धाकटीला तसल्या उजेडानं फीट येते. एकदा तुम्हाला सांगावं असं वाटलं होतं, पण एका मुलीसाठी सगळ्यांची मजा कशाला घालवायची, म्हणून गप्प बसलो.’

खोलीत कुणीच काही बोलेना. व्हिडिओ करणारा मुलगा कोपऱ्यात बसला होता. तो उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘काका, त्याच्यात फक्त एक नंबर आहे. तो मी आत्ता बदलतो.’ खरोखरच तेवढंच होतं. नाटकाच्या नावाची सोनेरी अक्षरं सेकंदाला दहा वेळा चमकत होती, ती त्यानं सेकंदाला एकदा केली. पूर्ण विझण्याऐवजी ती ७० पर्यंतच मंद होऊ लागली. मागचा लाल भडक रंग जाऊन केशरी आला. पडदाभर उघडझाप होती तिथे धावतं तोरण आलं. तयार व्हिडिओ त्या आई-वडिलांना आधी घरी पाठवला. त्यांनी तो आपल्या डॉक्टरांशी बोलून पाहिला. त्या वर्षी ते कुटुंब नाटकाला थांबलं. मुलगी मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. आणि खरं सांगायचं तर बाकीच्या प्रेक्षकांत एकालाही व्हिडिओत काही कमी झाल्याचं जाणवलं नाही!

तीनची मर्यादा

हिशोब कुठे थांबवायचा, हे लोकांनी आधीच ठरवून ठेवलेलं आहे. इंटरनेटवरच्या मजकुरासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष पाळतात, त्यांत सांगितलंय, की कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमक नको. एकदा उजळून पुन्हा मंद होणं ही एक चमक. ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत याचा अर्थ, एका उघडझापीला निदान १० फ्रेम्स हव्यातच.

आणि तीनपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या रोजच्या आयुष्यातले लुकलुकणारे दिवे बघा. गाडीचा वळणाचा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा चमकतो, म्हणजे सेकंदाला एक ते दोन. त्याच ऑडिटोरियमच्या भिंतीवर आग लागल्यावर चमकणारा पांढरा दिवा असतो. त्यालाही अमेरिकेतल्या नियमानं सेकंदाला एकाहून कमी नाही आणि दोनहून जास्त नाही, एवढीच मुभा. जीव वाचवण्यासाठी लक्ष वेधून घ्यायचं आहे, तिथेसुद्धा दोन पुरतात. मग आपल्या नाटकाच्या नावाला दहा कशाला हवेत?

तेव्हा तुमच्या मंडळात व्हिडिओ करणाऱ्या मुलांना चार गोष्टी सांगून ठेवा. एक, ताल सेकंदाला एक, फार तर दोन. दोन, पूर्ण १०० ते ० असा झटका देण्यापेक्षा समईसारखा चढ-उतार. तीन, पडदाभर उघडझाप नको, छोट्या जागेत किंवा धावत्या तोरणासारखी असू द्या. चार, भडक लाल रंग उघडझापीत वापरू नका. आणि नाटकात वीज कडाडायलाच हवी असेल, तर एकदाच कडाडू द्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत व दारावर आधी लिहून ठेवा. हे सगळं केलं म्हणजे धोका शून्य झाला असं नाही. पण ज्यांना काळजी आहे त्यांना निदान आधी कळतं आणि ठरवता येतं.

आणि तरीही फीट आली तर

समोर अचानक असा झगमगाट आला, तर ज्याला त्रास आहे त्यानं एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवून मान फिरवावी. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण उजेड पापण्यांतून आत येतोच.

शेजारच्याला फीट आलीच, तर गावाकडचे उपाय आठवू नका. कांदा फोडून नाकाला लावणं, चप्पल हुंगवणं, दातांत चमचा घालणं, यांतलं काहीही करायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा (शेला, स्वेटर, काहीही), आजूबाजूच्या खुर्च्या सरकवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच फीट आली असेल, तर ताबडतोब ९११.

पुढच्या गणपतीची तयारी सुरू होईल तेव्हा आपल्या कॉम्प्युटरवाल्या चिरंजीवांना किंवा कन्येला जवळ बोलवा, त्यांची ती एक ओळ बघा आणि विचारा, ‘बाळा, यातला ताल सांगणारा आकडा कोणता?’ मुलं आनंदानं दाखवतील. आई-बाबांना एक्स्प्रेशन कळतं, याचं त्यांना आश्चर्यही वाटेल! मग तो आकडा तीनच्या आत आहे ना, एवढं दोघांनी मिळून बघा. गणपती बाप्पा मोरया!